शाळेचे दुसरे सत्र आणि आपला हंगाम



आपल्या अंकात दरवेळी गाळपाचे आकडे येतात, उताऱ्याची टक्केवारी येते, लागणीच्या तारखा नि खताच्या मात्रा येतात. ते यावयासच हवे. परंतु कारखान्याच्या कंपाउंडाला लागून जी जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिचाही एक हंगाम असतो आणि तो आपल्या हंगामाबरोबरच चालतो. दिवाळीची सुट्टी संपून शाळेचे दुसरे सत्र सुरू होते, त्याच सुमारास इकडे गव्हाणीत मोळी पडते. इकडे पट्टा पडला की थोड्याच दिवसांत तिकडे वार्षिक परीक्षा. शाळा व्यवस्थापन समितीचा सभासद या नात्याने २०२४-२५ चे दुसरे सत्र मला जवळून पाहावयास मिळाले. त्याची हकीकत आपल्यापुढे ठेवतो. ती नुसत्या कौतुकाची नाही. तीत आपल्या सर्वांकडे येणारी एक गोष्ट आहे, ती शेवटी येईलच.

सत्र सुरू झाले तेच गडबडीत. १५ नोव्हेंबरला राज्यात गाळप सुरू झाले आणि २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान. शाळेत मतदानकेंद्र, त्यामुळे दोन दिवस बाके व्हरांड्यात. ती आत गेली तोच २६ नोव्हेंबरचा संविधान दिन. डिसेंबरात केंद्रपातळीच्या आणि मग बीटपातळीच्या क्रीडास्पर्धा. ३ जानेवारीस सावित्रीबाई फुले यांची जयंती. १८ जानेवारीस पाचवीच्या मुलांची नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा. आपल्या जिल्ह्याचे नवोदय तुळजापुरास आहे. ऐंशी प्रश्न, दोन तास. त्यासाठी गुरुजी सकाळी आठपासून जादा तास घेत होते. मग २६ जानेवारी, ९ फेब्रुवारीस शिष्यवृत्तीची परीक्षा, आठवड्याने स्नेहसंमेलन, आणि २७ फेब्रुवारीस मराठी भाषा गौरव दिन. मुख्याध्यापकांच्या टेबलामागे भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यात एकही चौकोन कोरा दिसत नव्हता.

टोळ्या आल्या, पोरे आली

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात टोळ्या उतरल्या. बीड, जालना, परभणीकडून माणसे आली, तळावर कोप्या उभ्या राहिल्या. शाळेच्या दोन बाई आणि एक गुरुजी वही घेऊन कोपीकोपीतून फिरले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षात कधीही आले तरी शाळेत घ्यावयाचे, दाखला नाही म्हणून परत पाठवावयाचे नाही, हा २००९ चा कायदा आहे. काही मुलांच्या जवळ गावच्या शाळेने दिलेले शिक्षण हमी पत्रक होते. पुष्कळांच्या जवळ काहीच नव्हते. वीस-बावीस मुले शाळेत आली. त्यांतली निम्मी रोज येत आणि निम्मी फडाच्या सोयीने येत.

त्यांत एक सहावीच्या वयाची मुलगी होती. तिचे नाव इथे छापत नाही. हजेरीपटावर ते आहे, तेवढे पुरे. पहिल्या दिवशी ती आली ती कडेवर वर्ष-दीड वर्षाच्या भावाला घेऊन. बाई म्हणाल्या, "बाळाला घरी ठेवून ये." ती म्हणाली, "घरी कोन हाय? आई-बाप फडात हायेत." बाईंनी काही क्षण विचार केला आणि त्या दोघांना खिडकीजवळ बसवले. पुढे ते बाळ सगळ्या वर्गाचे झाले. मधल्या सुट्टीत खिचडी झाली की पहिला घास त्याला.

ही मुलगी पळते कशी, हे क्रीडाशिक्षकांना अचानक कळले. बाळ रांगत रांगत रस्त्याकडे निघाले, तिकडून बैलगाडी येत होती. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पाणी पिणारी ही मुलगी उठली आणि मुलींच्या दोन रांगांमधून, कोणालाही धक्का न लावता, नागमोडी पळत जाऊन बाळाला उचलून आली. गुरुजी मला म्हणाले, "दादा, ही एकेरी साखळी मी पोरींना दोन वर्षं शिकवतोय. हिला कोणी शिकवलीच नाही!"

खो-खोचे मैदान

आपल्या शाळेत खो-खोच का, असे काही सभासद विचारतात. उत्तर सोपे आहे. या खेळाला दोन खांब, चुन्याच्या रेघा आणि मोकळी जागा एवढेच लागते. खांब आपल्या कारखान्याच्या सुतारखात्याने करून दिले, त्याबद्दल त्यांचे आभार. नऊ खेळाडू उतरतात. आठजण एकाआड एक तोंड फिरवून रांगेत बसतात आणि नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाराने मधली रांग ओलांडावयाची नाही, एकदा धरलेली दिशा बदलावयाची नाही. पलीकडे जावयाचे तर बसलेल्याच्या पाठीवर हात ठेवून "खो" म्हणावे, आपली जागा त्याला द्यावी नि त्याने उठून पळावे. एकट्याच्या वेगावर हा खेळ जिंकता येत नाही. योग्य क्षणी दुसऱ्याला उठवता आले पाहिजे.

दुसरे असे की, हा आपल्या जिल्ह्याचा खेळ आहे. धाराशिवची सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी सुवर्णपदक मिळविले. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो बावीस वर्षांनी मिळत होता. घरची परिस्थिती बेताची, मध्यंतरी खेळ सोडून द्यावा असेही तिच्या मनात आले होते, हे तिने स्वतः सांगितले आहे. पण प्रशिक्षक चंद्रजित जाधव आणि घरची माणसे पाठीशी राहिली. पुढे ती आपल्याच तुळजापूर तालुक्यात क्रीडा अधिकारी झाली. हे आम्ही मुलींना वारंवार सांगतो, कारण "पोरीनं पळून काय मिळतं" हा प्रश्न अजून आपल्या ओट्यावर विचारला जातो. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. निदान हे तरी ओट्यावर सांगावे.

केंद्रपातळीवर आमच्या मुली सहज जिंकल्या. बीटपातळीवर अंतिम सामना चुरशीचा झाला. नवी मुलगी शेवटच्या तुकडीत संरक्षणाला उतरली. पाठलाग करणारी जवळ आली की उजवीकडे हूल द्यावयाची आणि डावीकडून निसटावयाचे, असे करीत ती वेळ संपेपर्यंत बाद झाली नाही. बाळ तेवढा वेळ मुख्याध्यापकांच्या मांडीवर होते, आणि त्यांच्या पांढऱ्या पॅन्टचे काय झाले ते विचारू नये.

त्यानंतर योग असा आला की १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली. भारताच्या मुलींच्या संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. १९ तारखेस रविवार असूनही पोरे शाळेत जमली. आमच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरविले आणि मुलांनी ५४-३६ असे. त्या स्पर्धेत "वझीर" म्हणून एक खेळाडू असतो, त्याला दिशेचे बंधन नसते. दुसऱ्या दिवशी आमच्या मैदानावर सगळ्याच वझीर झाल्या! गुरुजींना शिट्टी वाजवून वाजवून घसा धरला. शालेय स्पर्धेत वझीर नसतो हे पोरींच्या गळी उतरवावयास दोन दिवस गेले.

पाहुणे मंडळी आणि सहल

सत्रात पाहुणे बरेच आले. नेत्रतपासणीचे पथक आले, आणि मागच्या बाकावरची काही मुले "मठ्ठ" नसून त्यांना फळाच दिसत नव्हता, असे निघाले. शाळेचे एक माजी विद्यार्थी सैन्यात हवालदार आहेत. सुट्टीवर आले असता त्यांनी सकाळची कवायत घेतली. स्नेहसंमेलनाला एस. टी.त वाहक असलेल्या माजी विद्यार्थिनी प्रमुख पाहुण्या म्हणून आल्या. त्यांनी भाषण केले पाच मिनिटे आणि तिकिटाच्या हिशेबाची तोंडी गणिते घातली अर्धा तास. मुलांना तेच अधिक आवडले.

सगळ्यांत चांगला दिवस मात्र आपल्या कारखान्याच्या भेटीचा. केमिस्टसाहेबांनी मुलांना वजनकाट्यापासून पोत्यापर्यंत फिरविले. रस कसा निघतो, चुना आणि गंधकाचा वायू देऊन तो कसा स्वच्छ करतात, आटवून पाक कसा होतो, पॅनमध्ये दाणा कसा धरतो नि यंत्रात गरगर फिरवून मळी कशी वेगळी काढतात, सगळे दाखविले. शेवटी विचारले, "काही प्रश्न?" सभासदांची मुले गप्प. तळावरच्या त्याच मुलीने विचारले, "एका मोळीची साखर किती होती?"

केमिस्टसाहेब हसले नाहीत. त्यांनी खडू घेतला. शंभर किलो उसाला सरासरी दहा किलो साखर धरा. मोळी पंधरा किलोची असेल तर दीड किलो. "मग माझे आई-बाप दिसाला दीड-दोन टन तोडत्यात, त्याची?" दीडशे ते दोनशे किलो. ती बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिली. कोपीवर तिची आई चहाला पावशेर साखर आणते, हे मला ठाऊक होते.

सहल एस. टी.ने गेली. सकाळी तेर: जुन्या काळी तगर म्हणून ज्या पेठेचे नाव ग्रीक प्रवासवर्णनात येते ती, संत गोरोबाकाकांचे गाव, आणि लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय. दुपारी नळदुर्गचा किल्ला, बोरी नदीच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल. परतीच्या वाटेवर लोहारा तालुक्यातले हिप्परगा. हे गाव सहलीत घ्यावे असा आग्रह मी धरला होता. कारण १९२१ साली, निजामी राजवटीत, व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी तिथे राष्ट्रीय शाळा काढली. मराठीतून शिकणे जिथे कठीण होते तिथे खेड्यातल्या मुलांसाठी ती शाळा चालली. १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक तिथे मुख्याध्यापक म्हणून आले. आधी मुंबईत ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केलेले. हिप्परग्यात असतानाच ते संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांनी केले आणि १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्याआधी ते आपल्या जिल्ह्यातल्या एका खेड्यात मुलांच्या वह्या तपासत होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. संध्याकाळी तिथे पोरे शांत बसली होती. आमची खेळाडू मात्र सहलीला नव्हती. वर्गणीचा प्रश्न बाईंनी सोडविला होता, पण बाळाचा सुटला नाही.

माझ्या फडातली सकाळ

आता मुख्य गोष्ट सांगतो. तालुक्याची स्पर्धा जानेवारीच्या अखेरीस होती. जीप सकाळी साडेआठला शाळेतून निघावयाची होती. त्याच दिवशी माझ्या उसाला तोड आली. दोन आठवडे मी चिटबॉयच्या मागे होतो. उसाला तुरे आले होते, बुंध्याशी वाळायला लागला होता. ज्याचा ऊस उभा असतो त्याला त्या दिवसांत दुसरे काही दिसत नाही, हे आपणास सांगावयास नको.

सात वाजता बांधावर गेलो. टोळी पहाटे चारपासून लागलेली. पुरुष तोडत होते, बाया मोळ्या बांधत होत्या. त्या बायांत ती होती. बाळ पाचटावर चादरीत झोपलेले. मी तिला ओळखले, तिनेही मला ओळखले. आदल्या दिवशी सरावानंतर मैदानावर मीच मुलींना केळी वाटली होती. ती खाली मान घालून वाढ्याचा आळा पिळत राहिली. आणि मी? मी काही बोललो नाही. ट्रॉली भरावयाची होती.

आठ वाजता क्रीडाशिक्षक मोटारसायकलवरून आले. चप्पल हातात घेऊन सरीतून चालत आले.

"पोरगी आजच्या दिवस द्या मला," ते तिच्या वडिलांना म्हणाले.

"गुर्जी, हिची आई तापानं पडलीया कोपीवर. बांधायला मानूस न्हाई. म्या काय सांगू? मुकादमाला इचारा."

मुकादम म्हणाला, "माझं काय न्हाई बघा. ट्रॉली मालकाची, मालकाला विचारा."

खो फिरत फिरत माझ्या पाठीवर आला. टोळीतली सगळी माणसे हातातला कोयता थांबवून माझ्याकडे पाहू लागली. ती मुलगी मात्र पाहत नव्हती.

मी "जा" म्हणालो. त्यात मोठेपणा काही नाही. गुरुजी आले नसते तर मी म्हणालो नसतो, हे सभासदांपुढे कबूल करतो. ती मोटारसायकलवर बसली तेव्हा पायात पाचटाचे ओरखडे होते आणि अंगावर फडातलेच कपडे. बाळाला मी घरी आणले, माझ्या आईने ते सांभाळले. मग मी, मंडळी आणि थोरला मुलगा, तिघांनी मोळ्या बांधल्या. एका बारा वर्षांच्या मुलीचे काम करावयास आम्ही तिघे लागलो आणि तरीही ट्रॉली दोन तास उशिरा निघाली. दोन तासांत ऊस किती वाळला ते काट्यावर काही दिसले नाही. हातांना मात्र आठ दिवस फोड होते.

आमचा संघ उपांत्य फेरीत दोन गुणांनी हरला. तिने तीन गडी बाद केले होते. समोरचा संघ खरोखर चांगला होता. परत येताना जीपमध्ये तिने गुरुजींना विचारले, "दुसरी म्याच कवा?" गुरुजी म्हणाले, "पुढच्या वर्षी." मग जीपमध्ये कोणी बोलले नाही, असे गुरुजींनी मला सांगितले. पुढच्या वर्षी टोळी कोणत्या कारखान्यावर असेल हे मुकादमाच्या उचलीवर ठरते.

या वर्षी ऊस कमी, म्हणून पट्टाही लवकर पडला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ट्रक लागले. आदल्या दिवशी ती शाळेत आली. बाईंनी तिचे हमी पत्रक भरले, हजेरीचे दिवस लिहिले आणि बीटपातळीचे प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिले. "माझं नाव काढनार का?" तिने विचारले. बाई म्हणाल्या, "नाव राहील. जाशील त्या शाळेत हा कागद दाखव." परीक्षेला अजून महिना होता.

आता आपल्याकडचे काम

सभासदहो, ही एका मुलीची गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही. दोन माणसांचा एक कोयता, असा आपला हिशेब. त्या कोयत्याबरोबर किती मुले येतात, हे आपल्या कोणत्याच रजिस्टरला नसते. चौदा वर्षांखालच्या मुलास कामास लावणे कायद्याने बंद आहे. घरच्या कामात मदत करावी तीही शाळेची वेळ सोडून. मग सकाळी आठ वाजता आपल्या फडात पोर दिसले, तर दोष एकट्या बापाचा कसा?

काही गोष्टी करण्यासारख्या आहेत. मुकादमाशी करार होतो तेव्हाच मुलांची यादी घ्यावी आणि ती टोळी उतरायच्या आधी शाळेकडे जावी. ज्यांची मुले आजी-आजोबांजवळ गावी राहू शकतात, त्यांच्यासाठी जिल्हा परिषदांच्या शाळांतून हंगामी वसतिगृहे चालतात. ते टोळीला आपण सांगावे, कारण पुष्कळांना त्याची माहितीच नसते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना शासनाने २०२१ मध्ये मंजूर केली, आणि कामगारांच्या कल्याणासाठी गाळपाच्या दर टनामागे दहा रुपये कारखान्यांनी द्यावयाचे ठरले. तो पैसा आपल्याच उसातून जातो. तेव्हा त्याचे काय होते, हे वार्षिक सभेत विचारण्याचा आपणास अधिकार आहे, आणि मी विचारणार आहे. तळावर एक पाळणाघर झाले तर कडेवरच्या बाळापायी शाळा सुटणाऱ्या मुली वर्गात बसतील. त्याला एक शेड आणि दोन बाया एवढेच लागते.

आणि हे काही होईपर्यंत आपल्या हाती एक गोष्ट आहेच. आपल्या उसाला तोड येईल त्या सकाळी बांधावर गेल्यावर आधी ट्रॉलीकडे न पाहता मोळ्या बांधणाऱ्यांकडे पाहावे. शाळेच्या वयाचे कोणी दिसले तर गुरुजी येण्याची वाट पाहू नये.

शाळेने येत्या हंगामासाठी मैदानाच्या रेघा पुन्हा आखावयाच्या ठरविल्या आहेत. दोन पोती चुना लागेल. ज्या सभासदांना द्यावयाचा असेल त्यांनी मुख्याध्यापकांकडे पोचता करावा, ही विनंती.